तुझा वार कोणता?

आक्रातल्या ऑफिसमधला पहिला दिवस. गळ्यात नवंकोरं आयकार्ड, हातात कॉफीचा मग आणि समोर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. नाव काय, कुठून आलास, घानाचं ऊन सोसतंय का, या प्रश्नांची तयारी विमानातच झाली होती. पण तिसराच प्रश्न गुगली निघाला.

‘‘तुझा वार कोणता?’’

मला वाटलं, वीकली ऑफबद्दल विचारताहेत. ‘‘शनिवार-रविवार,’’ मी ठोकून दिलं. सगळा फ्लोअर खो खो हसला. त्यांना माझ्या जन्माचा वार हवा होता. तो मला माहीत नव्हता! तारीख पाठ, रास पाठ, पण वार? शेवटी मोबाइलमध्ये शोधला. बुधवार निघाला आणि पुन्हा एकदा हशा पिकला. ‘‘म्हणजे तू क्वाकू! अनान्सेचा भाऊ!’’ अनान्से हा तिथल्या लोककथांमधला बिलंदर कोळी. त्याचंही नाव क्वाकूच. झालं, त्या दिवसापासून पुण्याचा हा सॉफ्टवेअर इंजिनिअर आक्रात क्वाकू झाला.

तर मंडळी, घानातल्या अकान लोकांमध्ये मूल ज्या वारी जन्मतं, तो वार त्याच्या नावात येतो. चर्चमधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, पण वाराचं नाव हे आत्म्याचं नाव. सोमवारचा मुलगा कोजो, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुलींची नावं वेगळी, म्हणजे शुक्रवारची आफुआ आणि शनिवारची आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र करणारे क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर सोमा, बुधी, मंगळी अशी नावं असतात, ती आठवली. आपण शहरातल्यांनी मात्र वार फक्त कॅलेंडरसाठी आणि उपवासासाठी ठेवलाय.

माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या दोस्ताचं पूर्ण नाव इथं देत नाही. शुक्रवारचा आहे, म्हणून कोफीच म्हणतो. पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

विमानाच्या आकाराची पेटी

माझा मुक्काम सहा महिन्यांचा. मुंबईहून अदिस अबाबामार्गे आक्रा, यलो फीवरच्या लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्ये आणि घड्याळ साडेपाच तास मागे. शून्य रेखांश आक्राशेजारच्या तेमा शहरातून जातो, त्यामुळे इथली वेळ म्हणजे थेट ग्रीनिचची वेळ. ऑफिसला जायला ट्रोट्रो, म्हणजे आपली वडाप. दारात लटकणारा पोऱ्या स्टॉपची नावं इतक्या वेगात ओरडतो की स्वारगेटच्या कंडक्टरनं त्याला गुरू करावं! जेवायला रेड-रेड, म्हणजे चवळीची लालभडक उसळ आणि सोबत तळलेली पिकलेली केळी. शाकाहाऱ्यांनो, ‘मासा नको’ एवढं आधी बजावून सांगा, नाहीतर उसळीत सुकी मासळी येते.

पहिल्या महिन्यातल्या एका शनिवारी कोफी मला तेशीला घेऊन गेला. आक्राच्या पूर्वेला समुद्रकाठी गा लोकांची ही वस्ती. रस्त्यालगत सुताराचं दुकान, बाहेर लाकडाचा भुसा आणि आत एक भलामोठा मासा. शेजारी कोकोची शेंग, मग मर्सिडीज, मग मिरची. सगळं लाकडी, झकास रंगवलेलं. मी फोटो काढत सुटलो. दहाव्या फोटोनंतर कोफीनं सांगितलं, ‘‘या शवपेट्या आहेत.’’

कोळ्याला माशात पुरायचं, कोकोच्या बागायतदाराला शेंगेत, टॅक्सीवाल्याला गाडीत. गा भाषेत त्यांना म्हणींच्या पेट्या म्हणतात. ही कला नावारूपाला आणली सेथ केन क्वेई या सुतारानं. त्याची कहाणी अशी सांगतात, की १९५१ मध्ये त्याची आजी वारली. आक्राच्या विमानतळावरून उडणारी विमानं बघायचं तिला भारी वेड. बसायला काही मिळालं नाही. म्हणून नातवानं तिच्यासाठी विमानाच्या आकाराची पेटी केली आणि तिला तिच्यात निजवून निरोप दिला. पुढे १९८९ मध्ये त्याच्या पेट्या पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. १९९२ मध्ये तो गेला, पण तेशीतलं काम थांबलं नाही.

मला माझी आजी आठवली. सातारा जिल्ह्यात, माणदेशात राहणारी. व्हिसा आला तेव्हा तिनं फोनवर एकच प्रश्न विचारला होता, ‘‘इमानाची खिडकी उघडती का रं?’’ मी हसलो होतो. ‘‘आल्यावर सगळं सांगतो,’’ म्हणालो होतो. निघण्याआधी गावी जाऊन यायचं ठरलं होतं. पण वीकेंडला पॅकिंग निघालं, मित्रांची पार्टी निघाली. तुम्हाला माहीतच आहे कसं होतं ते.

‘ते थांबले नाहीत?’

चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी, आजी गेली.

आपल्याकडे रात्री अकरा वाजता गेली, सकाळी सातला सगळं उरकलं. बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्येच होतो, रिलीजची गडबड चालू होती. ‘‘येऊ नकोस, उपयोग नाही,’’ ते म्हणाले. खरंच होतं. विमानानं पोचायला दीड दिवस लागला असता. दहाव्याला पोचता आलं असतं, तेराव्याला तर नक्कीच. पण रिलीज होतं. कंपनीनं अडवलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर मी रजा मागितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कोफीला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. ‘‘मग पुरणार कधी? तू केव्हा निघतोस?’’

‘‘दहन झालं. काल रात्री गेली, आज सकाळी.’’

‘‘तुझ्याशिवाय?’’ तो माझ्याकडे बघत राहिला. ‘‘नातू परदेशात आणि ते थांबले नाहीत?’’

आता त्याचं आश्चर्य समजून घ्यायचं तर घानातला मृत्यू समजून घ्यायला हवा. इथं माणूस गेला की त्याला शवागारात ठेवतात आणि कुटुंब तयारीला लागतं. कधी काही आठवडे, कधी काही महिने. लंडनची मुलगी, हॅम्बुर्गचा भाचा, न्यूयॉर्कची नात, सगळ्यांच्या रजा आणि तिकिटं जमेपर्यंत. दरम्यान घराला रंग लागतो, सगळ्यांसाठी एकाच छापाचं कापड निवडलं जातं, भिंतींवर फोटोसकट पोस्टर लागतात. त्यावर मुला-नातवंडांची लांबलचक यादी. आणि मग एक शनिवार ठरतो. लाल-काळे कपडे घातलेली माणसं शनिवारी सकाळी कुठल्याही रस्त्यावर दिसतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या सुटाबुटातल्या माणसांचा व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल. तो घानाचाच. आपण तो मीम म्हणून फॉरवर्ड केला. तिथं तो कुणाच्या तरी आजीचा शनिवार होता.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. ऑफिसमधली सातजणं दारात उभी. काळे कपडे, बायकांच्या डोक्याला लाल फडकी. एकेकानं उजवीकडून सुरुवात करून हात मिळवला. ‘‘दुए, दुए, दुए.’’ सांत्वनाचा शब्द, पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी पाणी दिलं. सगळे बसले. मग शांतता. कुणीच बोलेना. कोफी हळूच माझ्या कानाशी लागला, ‘‘अरे, आता तू विचारायचं, काय निरोप घेऊन आलात म्हणून.’’

‘‘पण मला माहितीये ना!’’

‘‘तरी विचारायचं.’’

मी विचारलं. टीममधली सगळ्यात मोठी बाई उभी राहिली आणि तिनं सगळ्यांच्या वतीनं रीतसर सांगितलं, की आमच्या भावाची नाना गेली असं आमच्या कानावर आलं, आणि गेल्यानंतरच्या सातव्या दिवशी माणसानं एकटं बसू नये म्हणून आम्ही आलो आहोत. आपल्याकडे नाना म्हटलं की टोपी-कोट डोळ्यांपुढे येतो. तिथं आजी आणि आजोबा दोघंही नानाच, आणि गावचा राजाही नाना.

मग एक पाकीट निघालं. वर्गणीचं. आणि एक वही, कुणी किती दिले ते लिहिलेली. आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी. मला संकोच वाटला. ‘‘हे घ्यावंच लागतं,’’ कोफी म्हणाला. वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. तिथं आजीचं नाव लिहायचं होतं.

‘‘तिचा वार कोणता?’’

माझ्या स्वतःच्या वाराला मोबाइल धावून आला होता. आजीची तर जन्मतारीखच कुणाला माहीत नव्हती. शाळेत ती गेलीच नाही. आधार कार्डावर एक जानेवारी होती, तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी. लग्नात तर तिचं नावही बदललेलं. आईला फोन लावला, तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मावशीआजीला विचार. म्हणजे आजीच्या धाकट्या बहिणीला. तिच्याशी मी शेवटचं कधी बोललो होतो, तेही आठवेना.

दुसऱ्या दिवशी बोललो. तिला आधी मी कोण ते समजावून सांगावं लागलं. मग म्हणाली, ‘‘अक्का व्हय? अक्का बाजाराच्या दिशी झाली. बा बाजाराला गेल्याला. मागनं माणूस धाडला सांगायला, तर बानं तिथनंच गुळाची ढेप खांद्यावर मारली आन् आला. आई लई येळा सांगायची.’’

‘‘पण बाजार कोणत्या वारी असायचा?’’

‘‘असायचा काय? अजून बी असतुया. गुरवारी.’’

मी ऑफिसमध्ये धावत गेलो, एखादा मोठा बग सापडावा तसा. ‘‘गुरुवार! गुरुवारी जन्मलेली बाई म्हणजे काय?’’

‘‘या,’’ कोफी म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, ‘‘या. नाना या.’’

आता त्याला कसं सांगू? आमच्या घराच्या दाराला लागून जोतं आहे. आजी कायम त्यावर बसलेली. पोस्टमन असो, वायरमन असो, मत मागणारा उमेदवार असो, कुणीही आलं की तिचा एकच शब्द, ‘‘या.’’ मला तर मुद्दाम आदरार्थी, चिडवायला, ‘‘या सायेब, सवड झाली का?’’ कोफीनं वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या लिपीत ते नाव लिहिलं. मी त्याच्याखाली देवनागरीत लिहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

कुमासीचा शनिवार

गंमत म्हणजे कोफीची स्वतःची आजी तेव्हा शवागारातच होती. दोन महिन्यांपासून. पुढच्याच शनिवारी तिचा दिवस ठरला होता. ‘‘तू चल,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या नानाचं राहिलंय ना?’’

आक्रा ते कुमासी साधारण अडीचशे किलोमीटर. शुक्रवारी पहाटे निघालो. कुमासी ही असांते लोकांची राजधानी. तिच्या अलीकडे एजिसू लागतं. कोफीनं गाडीची काच खाली केली. ‘‘इथली राजमाता तुझ्या नानाच्या वाराची. या असांतेवा.’’ असांते राज्याचा आत्मा ज्यात आहे असं मानतात, ते सोन्याचं आसन १९०० साली इंग्रज गव्हर्नरनं बसायला मागितलं. तेव्हा या बाईनं लढाई पुकारली. पकडली गेली, सेशेल्स बेटांवर हद्दपार झाली आणि १९२१ मध्ये तिथंच वारली. सोन्याचं आसन मात्र इंग्रजांना मिळालं नाही.

कुमासीच्या पुढे न्टोन्सो नावाचं गाव आहे. आदिंक्रा कापडाचं. झाडाच्या सालीचा काढा उकळून उकळून काळा रंग करतात, भोपळ्याच्या कवचाचे ठसे कोरतात आणि कापडावर उमटवतात. प्रत्येक ठशाला अर्थ. हे मुळात दुखवट्याचं कापड. मान मागे वळवलेल्या पक्ष्याचा ठसा मला आवडला. त्याचं नाव सांकोफा. विसरून राहिलेलं परत जाऊन आणायला लाज वाटू देऊ नये, असा त्याचा अर्थ. मी एक पट्टा विकत घेतला. ठसा मला स्वतःला मारू दिला. तो वाकडा आला.

शनिवारी पहाटे कोफीच्या घरी रडणं आपल्यासारखंच होतं. जगात कुठंही असतं तसंच. आजीला पांढऱ्या लेसच्या कपड्यात, पितळी पलंगावर, सजवून ठेवलं होतं. एकेक नातेवाईक येऊन तिच्याशी बोलत होता. चक्क गप्पा. तक्रारी, निरोप, अलीकडे पोचलेल्यांना कायकाय सांग त्याची यादी. कोफी आत गेला आणि खूप वेळ बाहेर आला नाही.

दफन झालं आणि दुपारी चित्रच पालटलं. मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीएवढे स्पीकर. आजी नव्वदीच्या घरातली, त्यामुळे घरच्यांनी पांढरं-काळं नेसलेलं. भरल्या वयात गेलेल्या माणसाचा तो रंग. लाल रंग अकाली दुःखाचा. टेबलाशी वर्गणीची रांग. प्रत्येकाला पावती आणि नाव-रकमेची माइकवरून घोषणा. ज्यांना यायला जमलं नाही त्यांचे मोबाइलवरून पैसे. मग ढोल सुरू झाले आणि बायका आडोवा नाचायला उठल्या. सावकाश पावलं आणि हातांची भाषा. एक म्हातारी दोन्ही हात डोक्यावर ठेवून नाचत होती. ‘‘म्हणजे मी अनाथ झाले,’’ कोफीनं अर्थ सांगितला. नाचताना माणूस हे सांगू शकतो, हे मला नवीन होतं.

सगळंच गोड आहे असं समजू नका. रात्री अंगणात बसलो असताना कोफीच म्हणाला, की आमच्यात एक म्हण आहे, कुटुंबाचं प्रेम प्रेतावर. औषधाला पैसे मागितले तर कुणी फोन उचलत नाही, पण शनिवारसाठी कर्ज काढतात. चर्चवाले आणि कितीतरी राजे खर्च कमी करा म्हणून सांगत असतात. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘क्वाकू, ती आजारी होती तेव्हा मी दोन वर्षांत एकदाही आलो नाही. आक्रा ते इथं, एका दिवसाचा रस्ता. मेल्यावर मात्र ती माझ्यासाठी दोन महिने थांबली.’’

मी काही बोललो नाही. पुणे ते माणदेश चार-पाच तास लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कोफीच्या मामानं आम्हाला थांबवलं. असांते लोकांमध्ये घराणं आईकडून चालतं, त्यामुळे मामाचं वजन फार. त्यानं ग्लासात थोडी दारू घेतली आणि पूर्वजांची नावं घेत जमिनीवर थेंब थेंब ओतायला सुरुवात केली. एक नाव, थोडे थेंब. बाकीचे मध्ये मध्ये हुंकार भरत होते. शेवटी त्यानं कोफीला काहीतरी विचारलं, माझ्याकडे पाहिलं आणि थेंब ओतत म्हणाला, ‘‘नाना या.’’

माळकरी बाई होती हो आमची आजी. दारूचा वास आला तरी पदर नाकाला लावायची. पण त्या म्हाताऱ्यानं बोलावलं होतं इतक्या प्रेमानं, की मला वाटतं, तिनं त्या दिवशी चालवून घेतलं असेल.

गुरुवार

प्रोजेक्ट संपलं, परत आलो. वर्षश्राद्धाला गावी गेलो. वही आईला दिली. तिनं चष्मा लावून सगळी नावं मोठ्यानं वाचायला लावली, कोफी, आमा, कोजो. प्रत्येकाचा वार विचारला. वाकडा सांकोफा आजीच्या खाटेवर अंथरला.

दुसऱ्या दिवशी बाइक काढली आणि तिच्या माहेरी गेलो. मुद्दाम गुरुवार साधला होता. बाजार भरला होता, मेथीच्या जुड्या, बोंबील, बांगड्या आणि एका कोपऱ्यात गुळाच्या ढेपा. एक लहान ढेप घेतली. मावशीआजीचं घर विचारत विचारत गेलो, कारण मला ते माहीत नव्हतं. ती दारातच बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

‘‘या,’’ म्हणाली.